तिसऱ्या बाजूचं गवत

प्रमोद गेल्याचा फोन आला तेव्हा मी काटोलच्या एका संत्रा बागायतदाराची समजूत घालत होते. ऐन एप्रिलात त्याचा पंप बंद पडला होता, आमचा मेकॅनिक अजून पोचला नव्हता आणि तो टेबलावर हात आपटून माझा उद्धार करत होता. तेवढ्यात मोबाइल वाजला. रहांगडाले, आमच्या ऑफिसातला जुना मेकॅनिक. म्हणाला, "मॅडम, ढोमणेभाऊ गेले. सकाळी अंगणात कूलर खोलून बसले होते म्हणते, तसेच आडवे झाले." मी "बरं" म्हटलं, फोन ठेवला. बागायतदाराला सांगितलं की संध्याकाळच्या आत माणूस येईल. माणूस खरोखर निघाल्याची खात्री करून घेतली, तक्रार कॉम्प्युटरवर नोंदवली, आणि मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. मी अशीच आहे, आधी काम उरकते. प्रमोद असता तर आधी मनसोक्त रडला असता, मग चहा मागवला असता, त्या बागायतदारालाही पाजला असता, आणि त्याची तक्रार... ती उद्यावर गेली असती.

आता मे संपत आला, उन्हाचे ते नऊ कडक दिवस, नवतपा, लागलाय, त्याला जाऊन दीड महिना होत आला. ऑफिसातली मंडळी म्हणाली, मॅडम, त्यांच्यावर चार शब्द तुम्हीच लिहा. मी टाळत होते. गेलेल्या माणसाबद्दल बोलताना आपल्याकडे फार साखर पेरतात. शोकसभेत प्रमोद इतका कर्तव्यदक्ष आणि इतका तत्पर झाला होता, की आपण चुकून भलत्याच्याच सभेला येऊन बसलो की काय असं मला वाटलं. तो स्वतः ऐकत असता तर मागच्या खुर्चीवर बसून खांदे गदागदा हलवत हसला असता. म्हणून ठरवलं, लिहायचं तर खरं लिहायचं. प्रमोद ढोमणे कामाचा माणूस नव्हता. त्याला कामाला लावण्यात माझी उमेदीची बरीच वर्षं गेली आणि तो काही लागला नाही. हे मी त्याच्या तोंडावर पुष्कळदा बोलले आहे, त्यामुळे माघारी लिहायला संकोच वाटत नाही. आणि तो माझा मित्र होता, तेही तितकंच खरं. त्यातच तर सगळा त्रास होता.

आम्ही दोघं एकाच दिवशी नोकरीला लागलो. शेतीच्या पंपांची कंपनी, नागपुरात सदरमध्ये तिचं सर्व्हिस ऑफिस. शेतकऱ्याचा फोन आला की तक्रार लिहून घ्यायची, मेकॅनिक पाठवायचा, पंप सुरू झाला की शेतकऱ्याला फोन करून खात्री करायची आणि तक्रार बंद करायची. काम एवढंच, पण ते रोज संपवावं लागे, कारण दुसऱ्या दिवशी तेवढंच पुन्हा समोर येऊन उभं राही. मी इंदोऱ्याची, चालत सुटले तरी वेळेवर पोचणारी. तो खाप्याचा, विणकराच्या घरातला. सावनेरहून येणाऱ्या बसने यायचा आणि उशिरा यायचा. पुढे लग्न झालं, नंदनवनला घर केलं, बस सुटली, तरी उशिराच यायचा. आमची टेबलं शेजारी शेजारी होती. डबा एकत्र खायचो. त्याच्या डब्यातली पातोडीची भाजी मी अर्धी संपवायची आणि माझ्या डब्यातला झुणका त्याने पुसून खायचा, हे न बोलता ठरून गेलं होतं. तो मला शैला म्हणायचा, मी त्याला प्रमोद. आलेल्या माणसाशी तो इतका गोड बोलायचा की भांडायला आलेला माणूस हसत परत जायचा. तक्रार मात्र तशीच राहायची. सकाळी मी म्हणायचे, "प्रमोद, कालच्या पडल्या आहेत." तो शर्टाच्या बाह्या वर करत म्हणायचा, "होऊन जाते न आज." हे वाक्य मी नोकरीच्या पहिल्या आठवड्यात ऐकलं. तेव्हा मला त्याचा विश्वासही वाटला होता.

एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर तो आळशी होता असं वाटेल. आळशी नव्हता. दसऱ्याला दीक्षाभूमीवर आमच्या वस्तीचा पाण्याचा स्टॉल असतो. एका वर्षी तो सहज म्हणून आला आणि दिवसभर उन्हात उभा राहून पाणी वाटत बसला. ड्रम उचलले, ग्लास धुतले, कोणाची हरवलेली म्हातारी शोधून दिली. माझी आई म्हणाली, "पोरगा लय कामाचा आहे वं." मी कपाळाला हात लावला. मग तो दर वर्षी येऊ लागला आणि आई दर वर्षी तेच म्हणू लागली. दुसऱ्या कोणाचं काम असेल तर प्रमोद पाठ मोडेस्तोवर राबायचा. जे काम त्याच्या नावावर चढलं, त्याच्याकडे मात्र त्याचा हात जायचा नाही.

मग माझी बढती झाली. त्याची होणार नव्हती, हे त्यालाही ठाऊक होतं. पेढे त्यानेच आणले, सगळ्यांना वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी केबिनमध्ये बसले होते, तो दारात आला आणि म्हणाला, "मॅडम, येऊ का आत?" मला वाटलं थट्टा करतो आहे.

"काय गा, मॅडम काहून म्हणून राहिला?"

"मंग काय म्हणू? तुम्ही साहेब झाल्या न."

"ऑफिसात म्हण पाहिजे तर. डबा खाताना तरी शैला म्हण."

"नाही मॅडम. तिथं म्हटलं का इथंबी तोंडातून निघून जाईन."

एवढं बोलून तो गेला. रागाने बोलला नाही, उलट माझी सोय पाहून बोलला, आणि म्हणूनच मला ते फार लागलं. त्या दिवसापासून तो मला अहो-जाहो करू लागला. डबाही हळूहळू वेगळा झाला. साहेबीण एकटी जेवते, हे माझ्या आधी त्याला कळलं होतं.

आता त्याच्या राहिलेल्या तक्रारी माझ्या डोक्यावर आल्या. बंद न झालेली तक्रार कॉम्प्युटरवर लाल दिसते. बाकीच्यांच्या पडद्यावर दोन-चार लाल ओळी असायच्या, प्रमोदचा पडदा कुंकवाचा सडा घातल्यासारखा. मौद्याचा एखादा शेतकरी चारदा फोन करून थकायचा आणि पाचव्यांदा थेट माझ्यापुढे येऊन बसायचा. मी प्रमोदला बोलवायची. तो खाली मान घालून उभा राहायचा, खरंच वाईट वाटून घ्यायचा, टेबलावर जायचा, फोन उचलायचा... आणि तेवढ्यात कोणाचा तरी प्रिंटर अडायचा, कोणाच्या तरी गाडीची हवा जायची, आणि प्रमोद उठायचा.

मी काय काय केलं ते आठवलं तरी दम लागतो. आधी समजावलं. मग कौतुक केलं, कारण कोणीतरी सांगितलं की माणूस कौतुकाने कामाला लागतो. प्रमोद कौतुकाने नुसता लाजला. मग रोजचं काम ठरवून दिलं आणि भिंतीवर सगळ्यांच्या नावांचा तक्ता लावला. सगळ्यात खाली त्याचं नाव. त्याला काही वाटलं नाही, पण बाकीच्यांनाच इतकं अवघडल्यासारखं झालं की ते गुपचूप त्याच्या तक्रारी बंद करून देऊ लागले. तक्ता काढला. त्याचं टेबल माझ्या केबिनच्या काचेसमोर आणलं, म्हणजे मान वर केली की मी दिसावी. तो मान वर करून हसायचा. पुण्याला मुख्य ऑफिसात प्रशिक्षणाला पाठवलं. तिथून सगळ्यांसाठी बाकरवडी, माझ्यासाठी एक शाल आणि 'वेळेचं नियोजन' असं लिहिलेली चकचकीत फाइल घेऊन आला. फाइल अजून ऑफिसच्या कपाटात आहे, कोरी. कधी मी ओरडलेही. चारचौघांत ओरडले, दार लावूनही ओरडले. एकदा इतकी ओरडले की माझाच आवाज बसला, आणि दुपारी तो ज्येष्ठमधाची काडी घेऊन आला.

शेवटी मला शहाणपण सुचलं. जबाबदारी दिली की माणूस उभा राहतो, असं मी कुठल्याशा बैठकीत ऐकलं होतं. आता जबाबदारी कोणती द्यावी? होळी झाली होती, ऑफिसातले कूलर बाहेर काढायचे होते. नागपुरात राहणाऱ्याला कूलरचं वेगळं सांगायला नको. होळी जळली की माळ्यावरून, गच्चीवरून, जिन्याखालून ते पत्र्याचे डबे खाली उतरतात, घासून पुसून खिडकीला लागतात, तिन्ही बाजूंच्या जाळ्यांतलं जुनं काळं गवत फेकून नवं भरलं जातं, आणि पहिल्या दिवशी घरभर तो ओल्या गवताचा वास पसरतो. आमच्या ऑफिसात दर वर्षी यावरून भांडणं व्हायची. पंपांच्या कंपनीत कूलरचा पंप दुरुस्त करायला माणूस सापडत नसे. मी प्रमोदला बोलावून म्हटलं, "यंदा कूलर तुझ्याकडे. पूर्ण जबाबदारी. कोणी मधे बोलणार नाही." त्याचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, सापडली किल्ली.

ही चूक आमच्याच गावात होऊ शकते. प्रमोद पेटला. इतवारीतून स्वतः गवत निवडून आणलं. टाक्या घासल्या, डांबर लावलं, पंख्यांना तेल दिलं. कूलरमागच्या गल्लीत बसून जाळ्या भरायचा, हाताने गवत मोकळं करत, कुठे दाट नको, कुठे पातळ नको. सकाळी सगळ्यांच्या आधी यायचा, कारण टाक्या भरायच्या असायच्या. हो, ज्या माणसाला मी जंग जंग पछाडून वेळेवर आणू शकले नव्हते, तो सगळ्यांच्या आधी येऊ लागला! दुपारी पुन्हा पाणी, संध्याकाळी पुन्हा. एप्रिलच्या शेवटी आमच्या ऑफिसात असा गारवा असायचा की शेजारच्या बँकेतले लोक काही ना काही निमित्त काढून येऊन बसायचे. बाहेर डांबर वितळत होतं, आत मुली अंगावर ओढणी ओढून घेत होत्या. आणि प्रमोदच्या पडद्यावर लाल ओळींना अंत नव्हता, कारण आता त्याला फोन करायला खरोखरच सवड नव्हती. मी बोलावलं की दारातूनच म्हणायचा, "मॅडम, मागच्या टाकीचं पाणी सुरू आहे न," आणि पळायचा. त्याला बोलावं तर सगळं ऑफिस माझ्याकडे असं पाहायचं, जणू मी त्यांचा कूलरच बंद करायला निघाले आहे.

त्याच मे महिन्यात पुण्याहून मोठे साहेब आले. त्यांना नागपूरचं ऊन ठाऊक नव्हतं, विमानतळावरून येईपर्यंतच पार कोमेजले होते. प्रमोदने त्यांची खुर्ची बरोबर कूलरच्या झोतात लावली. दिवसभर ते तिथून हलले नाहीत. जाताना म्हणाले, "तुमच्या ऑफिसचं वातावरण फार छान आहे." मी मनात म्हटलं, साहेब, ते वातावरण प्रमोद ढोमणेचं आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी आकडे मागवून पाहिले आणि पहिलंच नाव विचारलं ते त्याचं. पुण्याहून निरोप आला, या माणसाला तीन महिन्यांची संधी द्या, दर आठवड्याला कळवा, आणि शेवटी तुमचं मत लिहा, ठेवायचा की नाही. मत माझं. ज्याच्या डब्यातली पातोडी मी खाल्ली, त्याची नोकरी आता माझ्या एका वाक्यावर टांगली होती.

प्रमोदला मी सगळं स्पष्ट सांगितलं. तो म्हणाला, "होऊन जाते न मॅडम." दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोचा, ज्योतीचा फोन आला. "मॅडम, तुम्ही त्यायले बोला. कितीबी बोला, मी काही म्हणत नाही. पण काढू नका. पोरीचं बारावीचं वर्ष आहे." मी म्हटलं, "ज्योती, मी त्याच्यापाशी बसते रोज. होईल." बोलताना लक्षात आलं, त्याचंच वाक्य माझ्या तोंडात आलं होतं.

आणि मी खरंच बसले. माझं काम संपलं की संध्याकाळी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसायची, जुन्या दिवसांसारखी. मी नाव वाचायची, तो फोन लावायचा. "काय गा भाऊ, पंप सुरू झाला का? पाणी फेकते न बरोबर?" भराभर तक्रारी बंद व्हायच्या. काम त्याला येत होतं, माझ्यापेक्षा चांगलं येत होतं म्हटलं तरी चालेल. लाल ओळी कमी होऊ लागल्या, पुण्याला मी हुरूपाने कळवू लागले. एका आठवड्यात मला मौद्याला जावं लागलं, तिथल्या विक्रेत्याचं काहीतरी निस्तरायला. परत येऊन पाहते तर सगळं होतं तिथेच. मी गेल्यापासून एकही फोन नाही. मी त्या दिवशी ओरडले नाही, अंगात जीवच नव्हता. नुसतं विचारलं, "प्रमोद, मला एकदा समजावून सांग. होतं काय तुला?"

त्याने पडद्याकडे बोट दाखवलं. "मॅडम, काम येत नाही असं नाही न. येते. पण सुरूच होत नाही. समोर दिसते, हात जात नाही. तुम्ही बसता तोवर जाते."

"हात जात नाही म्हणजे काय? एक फोन तर उचलायचा असतो!"

"ते तर मलेबी समजत नाही," तो म्हणाला.

मला ते ढोंग वाटलं. खरं सांगते, आपल्याला जे सहज जमतं ते दुसऱ्याला का जमू नये, हे कितीही डोकं लढवलं तरी पटत नाही. पण ढोंग असो की नसो, मी जन्मभर त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसू शकत नव्हते. माझ्याही घरी स्वयंपाक होता, सासूचं आजारपण होतं, आणि रोज संध्याकाळी एका मोठ्या माणसाला हाताला धरून त्याच्याच कामाच्या दारापर्यंत नेऊन सोडायचं... मी फार थकले होते. मी पुण्याला विचारून पाहिलं, त्याला देखभालीच्या कामावर घ्या, तिथे तो सोनं करेल. उत्तर आलं की ती कामं कंत्राटदाराकडे असतात. अजून एकदा विचारलं, तेच उत्तर आलं. मग मी माझं मत लिहिलं. हे काम या माणसाच्या हातून होणार नाही, असं लिहिलं. ते खरं होतं. लोक मला आजही विचारतात, आता वाईट वाटत असेल ना? तो गेल्याचं वाटतं, फार वाटतं. त्या वाक्याचं नाही वाटत. शेतकऱ्याचं पीक उभं जळत असताना माझ्या मित्राचा स्वभाव समजून घ्या असं मी त्याला सांगू शकत नव्हते. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच लिहीन.

सांगायचं मात्र मीच, हे मी ठरवून ठेवलं होतं. पोळा होऊन गेला होता. प्रमोद मागच्या स्टोअर रूममध्ये कूलरना प्लॅस्टिक गुंडाळत होता, पुढच्या वर्षी धूळ नको म्हणून. मी आत गेले, दार लोटलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. राजीनामा दिलास तर बरं पडेल, नाहीतर ते पत्र काढतील, वगैरे वगैरे. त्याने हातातली सुतळी खाली ठेवली. एका कूलरच्या लोखंडी स्टँडवर बसला. मला वाटलं ज्योतीचं म्हणेल, पोरीचं म्हणेल, निदान रागाने काहीतरी बोलेल.

"बरं झालं वं शैला," तो म्हणाला. "आता रोज सकाळी तुले खोटं सांगा लागणार नाही."

इतक्या वर्षांनी त्याने मला शैला म्हटलं होतं. मग त्याने विचारलं, "लय थकली असशीन न?"

नोकरी त्याची गेली होती आणि थकल्याबद्दल विचारत होता तो मला. उरलेल्या कूलरना प्लॅस्टिक गुंडाळूनच तो त्या दिवशी घरी गेला.

नंतरची गोष्ट लोकांना गोड करून सांगायला आवडते, की ढोमणेभाऊंनी घरी कूलर दुरुस्तीचं काम सुरू केलं आणि त्यांना त्यांचं खरं काम सापडलं. काम सुरू केलं, हे खरं. ज्योती एका शाळेत कामाला लागली, मुलीचं शिक्षण चालू राहिलं, घर तरलं. पण कूलर आता त्याच्या नावावर चढले होते! नंदनवनच्या त्याच्या अंगणात एप्रिल-मेमध्ये लोकांचे कूलर ओळीने उभे असायचे आणि लोक फोन करून करून वैतागायचे. मी एकदा गेले तेव्हा तो शेजारच्याची सायकल दुरुस्त करत बसला होता. मला पाहून इतका हसला, आणि मीही इतकी हसले, की आत ज्योती काय झालं म्हणून बाहेर आली. माझ्याकडे पाहून तशीच आत गेली. ती माझ्याशी बोलत नसे, आणि त्यात तिची काही चूक नव्हती. प्रमोद मात्र मला पुन्हा शैलाच म्हणू लागला होता. चहा करून आणायचा, ऑफिसातल्या कूलरची खबर विचारायचा. यंदा होळीनंतर मी आमच्या घरचा कूलर त्याच्याकडे नेऊन टाकला. जाळ्या गंजल्या होत्या, तिन्ही बाजूंचं गवत बदलायचं होतं. दुसऱ्या कुणाकडे दिला असता तर त्याच दिवशी मिळाला असता. माझे यजमान म्हणाले, "प्रमोदकडे? म्हणजे दिवाळीत वारा घ्यायचा का आपण?" मी दोनदा त्याला फोन केला. दोन्ही वेळा म्हणाला, "होऊन जाते न वं." तिसऱ्यांदा मी केला नाही. खरं तर मला घाई नव्हती. इतकी वर्षं त्याच्यामागे घड्याळ घेऊन धावल्यावर, एक तरी वस्तू त्याच्याकडे बिनघोर पडून राहू द्यावी असं वाटत होतं.

तो गेल्यावर आठवड्याभराने मी त्याच्या घरी गेले. ज्योती ओसरीत बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले. ती म्हणाली, "मॅडम, तुमचा कूलर घेऊन जाजा." अंगणात बाकीचे कूलर लोकांनी उचलून नेले होते. एकटा माझाच उरला होता. दोन बाजूंच्या जाळ्या नव्या गवताने भरलेल्या, सुरेख, एकसारख्या. तिसरी जाळी रिकामी, कूलरला टेकवून ठेवलेली. बाजूला गवताचं अर्धं पोतं.

"रोज मीच म्हणत होती त्यायले," ज्योती म्हणाली, "मॅडमचा तरी देऊन टाका. तर म्हणे, आधी लोकायचे होऊ दे, शैला थांबते. त्या दिवशी सकाळी मात्र सोताहूनच बसले. म्हणे, आज होऊन जाते."

शैला थांबते... मी! जिने त्याला तीन महिन्यांपलीकडे थांबून दाखवलं नाही, तिच्याबद्दल तो घरात असं सांगत होता. त्याला टोमणा मारता येत नसे. त्याला खरंच तसं वाटत होतं. त्या रोजच्या संध्याकाळी मी त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसत होते, ते त्याने थांबणं म्हणून धरून ठेवलं होतं, आणि स्टोअर रूममधलं सोडून दिलं होतं. मी ज्योतीचा हात धरून तिच्या अंगणात खूप रडले. या वेळी आधी उरकायचं काही काम नव्हतं. तिने हात सोडवून घेतला नाही.

कूलर घरी आणला. हॉलच्या खिडकीखाली ठेवला आहे, शेजारी ती रिकामी जाळी आणि अर्धं पोतं. काम अर्ध्या तासाचंही नाही. गवत मोकळं करायचं, जाळीत पसरायचं, वरची पट्टी दाबायची, झालं. ऑफिसात मी आजही एकही तक्रार दुसऱ्या दिवसावर जाऊ देत नाही, हाताखालची पोरं मला घाबरून असतात. पण रविवार येतो, मी पोतं उघडते, मूठभर गवत हातात घेते, वास घेते, आणि तशीच बसून राहते. समोर दिसतं, हात जात नाही. दुपारी घर भट्टीसारखं तापतं. यजमान पंख्याखाली ओला टॉवेल अंगावर घेऊन पडतात. "एखादा माणूस बोलावू का?" असं त्यांनी विचारून पाहिलं. मी नको म्हटलं, मीच करणार आहे. आज सकाळी त्यांनी पुन्हा विचारलं, आवाजात चिडही नव्हती बिचाऱ्यांच्या, "शैला, आज तरी भरतेस का ती तिसरी बाजू?"

मी चपला घालत होते. वर न पाहताच म्हटलं, "होऊन जाते न आज."